मिमूनने पाठ टेकली तेव्हा

आमच्या तिमझीत गावात धडधाकट माणूस दिवसा पाठ टेकत नाही. हा नियम कुणी घालून दिलेला नाही, पण डोंगरावरच्या दगडासारखा तो आपल्या जागी आहे. उन्हं वर असताना जो आडवा होतो तो एक तर आजारी, नाही तर आळशी. आळशी म्हणवून घ्यायला कुणी तयार नसतं, म्हणून आडवा दिसला की आम्ही त्याला आजारीच धरतो. आणि आजारी माणसाला भेटायला जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत. निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका काखेत मारायचा, दारातूनच दुआ म्हणत आत शिरायचं. एवढं ध्यानात ठेवलंत की मिमूनचं काय झालं ते तुम्हाला कळेल.

मिमून अक्रोड झोडणारा. त्याचा बापही तेच करायचा. आमच्या दरीतली अक्रोडाची झाडं जुनी आणि उंच. पहिल्या फांदीला हात पोचायलाच दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहावी लागतात. मिमून एकटा चढतो. अनवाणी, पाठीला लांब काठी बांधून, पायाच्या बोटांनी साल धरत. वर जाऊन फांदीवर उभा राहतो आणि काठी अशी फिरवतो की फळ पडतं पण पुढच्या वर्षीचा डोळा मोडत नाही. सप्टेंबर लागला की त्याचे तळहात काळे होतात आणि डिसेंबर सरेपर्यंत काळेच राहतात.

आणि मिमून पळतो. शाळा खाली बाजारगावात होती, घर वर होतं, तेव्हापासून पळतो. पुढे शाळा सुटली, पळणं सुटलं नाही. पहाटेची नमाज झाली की तो रस्त्याला लागे, झऱ्यापर्यंत जाऊन परत येई. माझ्या मधमाश्यांच्या पेट्या रस्त्याच्या वळणावर आहेत. मी तिथे उभा असे, मनगटावर घड्याळ बांधून. तो जवळून जाताना मी वेळ ओरडून सांगे. वर्षानुवर्षं आमचं बोलणं तेवढंच: मी आकडा सांगायचा, त्याने हात वर करायचा.

घरी त्याची आई यामना, बायको इत्तो, सात वर्षांची तूदा आणि पाळण्यातलं एक. इत्तो त्याच्याआधी उठून कणीक मळून ठेवी. तो पळून येई तोवर भाकरी चुलीवर असे. खाऊन तो झाडावर. संध्याकाळी झाडावरून उतरला की मंगळवारी आणि शुक्रवारी चढाचं पळणं. मग जेवण, आणि जेवता जेवता डोळे मिटत. तूदा एकदा माझ्यासमोर त्याला म्हणाली होती, "बाबा, तुम्ही घरी असता तेव्हा झोपता, जागे असता तेव्हा पळता. माझ्याशी कधी बोलणार?" त्याने तिला रविवारी खांद्यावर घेऊन झऱ्यापर्यंत नेलं. पळत नाही, चालत. पण चालतानाही तो श्वास मोजत होता, हे मला वळणावरून दिसलं.

शरद लागला की बाजारगावात एकवीस किलोमीटरची शर्यत होते. खालून निघायचं, नदीच्या पलीकडच्या वाटेने झऱ्यावर जायचं आणि आमच्या गावातून पुन्हा खाली. पहिल्या तिघांना प्रांताच्या नावाचा सदरा मिळतो आणि वसंतात समुद्राकाठच्या मोठ्या शर्यतीला पाठवतात. मिमून तीन वर्षं ओळीने चौथा आला होता. यंदा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याला वडीलधाऱ्यांच्या गटात घालणार होते, त्या गटातून कुणाला समुद्राकडे पाठवत नाहीत. म्हणजे यंदा, नाही तर कधीच नाही.

आणि ऐन हंगामात त्याची उजवी पोटरी धरली. झाडावर चढून चढून, आणि त्यावर पहाटेचं पळणं. तो बाजारगावी सी बुअज्जांकडे गेला. सी म्हणजे आमच्याकडचं साहेब; हे बुअज्जा फौजेतून निवृत्त झालेले, आपल्या काळी फौजेकडून शर्यती पळालेले. त्यांनी पोटरी दाबून पाहिली.

"काही फाटलं नाहीये. थकलीये बिचारी. शर्यत कधी, रविवारी ना? मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार तीन दिवस आडवा हो. झाड नाही, पळणं नाही. पाय भिंतीला लावून पडून राहायचं."

"दिवसा?"

"नाही तर काय! रात्री तर गाढवंसुद्धा झोपतात. तू पळायला शिकलास, पोरा, पडायला नाही शिकलास. पळण्यातलं अर्धं काम पडून राहण्यात असतं."

हे मिमूनने मला येताना सांगितलं. मी म्हणालो, "यामनाला आधी सांगून ठेव." तो म्हणाला, "सांगतो काका." त्याने सांगितलंही. पण सांगून समजतं ते दुसऱ्यांच्या आईला.

कारण त्याचा बाप. तो माणूस बैलासारखा होता. अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी झाडावरून उतरला, घरी आला आणि बायकोला म्हणाला, "काही झालं नाही गं, जरा पडतो." तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला टेकडीवरच्या कबरस्तानात नेलं. यामनाने त्यानंतर घरात दिवसा अंथरूण पसरू दिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मिमूनने अंथरूण पसरलं. दोन्ही पाय भिंतीला लावून उताणा पडला. यामना पाण्याची घागर घेऊन आत आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"काय झालं रे?"

"काही नाही, आई. सांगितलं ना काल. जरा पडलोय."

घागर खाली पडली नाही, फुटली नाही. यामनाने ती नीट ठेवली, हात पुसले आणि बाहेर जाऊन शेजारीण हद्दा हिच्या घराच्या भिंतीला टेकून रडायला लागली.

दुपारपर्यंत पहिला सुळका आला. हद्दाच घेऊन आली. अंथरुणाशी बसली, मिमूनच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही," ती म्हणाली. "म्हणजे आतलं दुखणं."

"मला काहीही झालेलं नाही. रविवारी शर्यत आहे, म्हणून आराम करतोय."

"तुझा बापही असाच बोलायचा. अगदी हेच शब्द. अल्लाह तुला बरं करो!"

पाहुणी आली म्हणजे चहा आला, आणि आमच्याकडे चहा घरातला पुरुष ओततो. घरात दुसरा पुरुष नव्हता. मिमून उठला, पुदिना घातला, किटली उंच धरून फेस आणला, पेले दिले, पाहुणी जाईपर्यंत बसून राहिला. मग पाय भिंतीला लावले. तोच दारात पुढचा सुळका.

संध्याकाळपर्यंत नऊ घरं येऊन गेली. त्याला आडवा पाहायला लोक येत आणि ते आले म्हणून तो उभा राही. इत्तो हातांनी पेले विसळत होती, पायाने पाळणा हलवत होती. मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "काका, याला तीन दिवसांचा आराम सांगितलाय. मला कुठली शर्यत लागेल ते एकदा सी बुअज्जांना विचारा ना. मीही पाय भिंतीला लावीन."

भिंतीवर मिमूनच्या टाचांचे दोन डाग उमटले होते, तिकडे तो बघत बसला.

आता माझं सांगतो. मला सगळं ठाऊक होतं. सी बुअज्जा काय म्हणाले ते मी सगळ्यांत आधी ऐकलं होतं. तरी माझ्याही काखेत साखरेचा सुळका होता. सगळं गाव जाऊन आलं आणि मधवालाच गेला नाही, असं झालं असतं तर तोंड कुठे लपवलं असतं? मी तो त्याच्या उशाशी ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीसुद्धा, काका?"

"ठेव रे," मी म्हणालो. "चहाला लागेल."

शुक्रवारी नमाजेनंतर फकीहने, म्हणजे आमच्या इमामाने, मशिदीत आजाऱ्यासाठी दुआ मागितली. आजारी पहिल्याच रांगेत बसला होता, कारण शुक्रवारी न जाणं म्हणजे खाटेला खिळल्याची कबुली. सगळ्यांनी हात पसरले. त्यानेही पसरले. दुसरं करणार काय? दुपारी पाच घरांतून कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या, पराती आल्या. प्रत्येक परातीतून घास घेतलाच पाहिजे, नाही तर घरवाली म्हणते, अन्न जात नाही, गेला आता हा. घास घेतला तर म्हणते, बघा, खातोय, अजून आशा आहे.

शनिवारी इत्तोच्या माहेरचे अकरा जण दोन डोंगर ओलांडून आले. सोबत मेंढी. मेंढी कापायची म्हणजे पुरुषानेच. दिवस बुडताना मी अंगणात पाहिलं तर आजारी मनुष्य गुडघ्यावर बसून कातडं सोलत होता, आणि त्याचा सासरा इतरांना सांगत होता, "हाताला जोर आहे अजून. नक्की बरा होईल."

"मिमून," मी हळूच विचारलं, "पोटरी?"

"झाड बरं होतं काका," तो म्हणाला. "झाडावर निदान कुणी भेटायला येत नाही."

रविवारी तो निघाला. यामनाने दार अडवलं नाही. पण पाठवणीचं दूध, जे ती दर वर्षी त्याच्या वाटेवर शिंपडायची, ते तिने शिंपडलं नाही. इत्तोने बुटाच्या नाड्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "जा. तीन दिवस तुझं आजारपण मी केलं, आता तू पळून दाखव."

मी वळणावर उभा राहिलो. सोळावा किलोमीटर तिथेच संपतो. सगळं गाव रस्त्याच्या कडेला होतं, माहेरचे अकरा जणही. पहिले दोघे गेले, तरणी पोरं, हरणासारखी. मग बराच वेळ रस्ता मोकळा. आणि वरच्या अक्रोडांच्या सावलीतून मिमून आला. तिसरा! चौथा त्याच्या मागे पुरती शंभर पावलं होता. मी घड्याळ पाहिलं. इतक्या वर्षांत त्याची अशी वेळ मी कधी ओरडलो नव्हतो. उजवा पाय जरासा ओढत होता, पण ते ओढणं फक्त मला कळलं असेल, कारण हे पाय मी रोज पाहतो.

मला आणि आणखी एका माणसाला. यामना गर्दीतून निघाली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. खांद्यावर लोकरीची जाड शाल होती, तिच्या नवऱ्याची. तिने ती दोन्ही हातांनी पसरून धरली, थंडीतून आलेल्या लेकराला धरतात तशी.

"बस कर," ती म्हणाली. ओरडली नाही. "बस कर रे बाळा. आडवा झाला होतास तू."

रस्ता रुंद होता. डावीकडून जाता आलं असतं, उजवीकडूनही. मी मनातल्या मनात त्याला दोन्हीकडून नेलं. पण सगळ्या गावासमोर आईला वळसा घालून जायचं, आणि तेही बापाची शाल पसरलेल्या आईला, त्यासाठी पाय कुठून आणणार? त्याचा वेग कमी झाला. चार पावलं. दोन पावलं. मग तो शालीत शिरला. तिने त्याला गुंडाळलं आणि डोक्यावर हात ठेवला. चौथा बाजूने गेला आणि एकदा मागे वळून पाहिलं. पाचवा गेला. सहावा गेला.

माझ्या तोंडात आकडा तसाच राहिला. मी तो ओरडलो नाही.

लोक म्हणाले, यामनाने पोराला वाचवलं. फकीह म्हणाला, दुआ कबूल झाली. मिमून रस्त्याकडेच्या पाण्याच्या पाटाच्या कठड्यावर बसला, इत्तोने त्याचे बूट काढले. तूदा त्याच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, "आज लवकर आलात बाबा." तो हसला. आम्ही सगळे हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आई त्याचा हात धरून बसली होती आणि तिच्या तोंडावर अठरा वर्षांनी पहिल्यांदा मी निवांतपणा पाहिला. त्या तोंडावर कोण रागावणार? मला तरी जमलं नाही. त्यालाही जमलं नाही.

आता तो वडीलधाऱ्यांच्या गटात पळतो. पहाटे वळणावरून जातो, मी वेळ सांगतो, तो हात वर करतो. पोटरी कधी धरते, कधी सोडते. साखरेचे सुळके घरात फळीवर उभे आहेत. गावात कुणी आजारी पडलं की तो एक काखेत मारून जातो आणि त्या माणसाजवळ फार वेळ बसत नाही. चहाही नाकारतो. लोक म्हणतात, मिमून तुसडा झाला.

आराम मात्र त्याने शोधून काढलाय. अक्रोडाच्या वरच्या बेचक्यात, दाट पानांत, तो दुपारी पाठ टेकतो आणि पाय वरच्या फांदीला लावतो. मला ठाऊक आहे, कारण माझ्या माश्या त्या झाडाकडे जातात आणि मी त्यांच्या मागे. खालून जाणारी यामना थांबते, वर बघते.

"मिमून, झोडतोयस ना रे?"

वरून काठी एकदा फांदीवर आपटते. दोन अक्रोड पडतात. ती ते ओच्यात घेते आणि पुढे जाते.

हंगाम संपला तरी पानं आणखी काही आठवडे टिकतात. मग एका वाऱ्यात गळून जातात, आणि झाड आरपार दिसायला लागतं.