बोर्ड, प्रोसेसर आणि ताई

आमच्या कॉम्प्युटरचा जीव कूलरनं घेतला. कूलरसमोर त्याला मीच नेऊन ठेवलं होतं, त्यामुळे गुन्हेगार मी.

दोन हजार आठचा मे महिना. आम्ही मुर्रीला राहायचो, म्हणजे गोंदिया संपतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात तिथं. घरात माणसं चार: बाबूजी, आई, ताई आणि मी. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, गोंदियातल्या एका शाळेत शिकवायची. मी बारावीचा पेपर देऊन रिकामा. कॉम्प्युटर घरात आला होता तिच्या कोर्ससाठी, पण पहिल्याच आठवड्यात त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम चढला आणि कोर्स गेला बाजूला. एकाच कीबोर्डवर दोघं खेळायचं. उजवीकडं बाणांच्या बटणांवर ताई, डावीकडं अक्षरांवर मी. स्क्रीनचे दोन भाग व्हायचे, वर तिची गाडी, खाली माझी. ताई हरली की माझ्या बोटांवर चापट मारायची आणि जिंकली की आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवायची. आई यायची, पडद्याकडं बघायची, "झालं? आता तांदूळ कोण निवडते?" म्हणायची आणि निघून जायची.

तर तो मे महिना. ऊन असं तापलं होतं की मशीन दहा मिनिटांत गरम होऊन फटकन बंद पडायचं. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारी अख्खं घर कूलरच्या खोलीत पडून असतं. मी म्हटलं, माणसाला चालतं तर मशीनला काय धाड भरली? कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढला आणि डबा थेट कूलरच्या तोंडाशी ठेवला. वाळ्याच्या ताटीतून येणारी ओली, गार हवा सरळ आत. अरे बाप्पा, काय चाललं मशीन! बाबूजी कुरकुरले, "माणसं घामानं भिजून राहिले आन् डबा हवा खाऊन राहिला." पण मी कोणाच्या बापाचं ऐकत नव्हतो, स्वतःच्या तर नाहीच.

तीन आठवडे मजेत गेले. मग एके दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही. आत पाहिलं, तर मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्या मोठ्या हिरव्या पाटीवर बसतात तिच्यावर, बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार जमलेला. कूलरच्या ताट्यांवर दरवर्षी जमतो तसाच. बारीक बारीक पायांना हिरवट गंज. ताईनं आधी बोर्डाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"शाबास रे माह्या इंजिनीअर," ती म्हणाली. "कॉम्प्युटरले आंघोळ घातली तू."

आणि हसत सुटली. मला हसू येईना. कारण एक गोष्ट अजून सांगितली नाही. ताईचं लग्न ठरलं होतं. देवरीकडचं घर, माणसं चांगली, तारीख डिसेंबरातली. घरात सगळे खूश होते, मी सोडून. माझ्याशी कोणी त्यावर बोलत नव्हतं आणि मीही कोणाला विचारत नव्हतो. मला एवढंच कळत होतं की ताई आता सहाच महिने घरात आहे आणि मशीन बंद पडलंय.

खर्च ताईनंच आपल्या पगारातून करायचं ठरवलं. रविवारी तिच्या स्कूटीवर आम्ही बाजारात गेलो. दुकानदारानं बोर्ड हातात घेऊन उलटसुलट केला आणि नाक मुरडलं. असा बोर्ड आता येत नाही. नवा बोर्ड घ्यावा तर त्याच्यात जुना प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, बसत नाही. म्हणजे बैलजोडीसारखं झालं, एक बदलला की दुसराही बदला. त्यानं काउंटरवर दोन जोड्या मांडल्या.

"देखो भैया," तो म्हणाला, "ये प्रोसेसर तेज है, पर इसके साथ बोर्ड हल्का आएगा. और ये बोर्ड टनाटन है, पर प्रोसेसर छोटा लेना पडेगा. दोनों बढिया चाहिए तो जेब बडी करो."

मी विचारलं, छोट्यावर आमचा गेम चालेल का. दोघांचा, अर्धी-अर्धी स्क्रीन करून.

"अकेले खेलोगे तो मक्खन. दो जने खेलोगे तो मशीन को दुगना काम है. अटकेगा."

ताईनं क्षणभर विचार केला. शाळेत पोरांना गणित समजावताना करायची तसा चेहरा केला आणि म्हणाली, "छोटाच घे. बोर्ड चांगला असला तं पाच-सहा वर्षं टिकंन, मोठा प्रोसेसर मागाहून बसवता येते. आन् डिसेंबरानंतर तुले एकट्यालेच तं खेळाचं आहे."

ती हे इतकं सहज बोलली की माझं डोकंच सटकलं.

"मले नाही खेळाचं एकट्याले!" मी ओरडलो. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. "तुले जायाचं आहे तं जा ना, कोण अडवून राहिलं? पण जाऊस्तोवर तं खेळशीन का नाही? सहा महिने का अटकत अटकत खेळाचं?"

डोळ्यांत पाणी आलं होतं. सतरा वर्षांचा घोडा मी, मिसरूड फुटलेलं, आणि भर दुकानात रडतोय. दुकानदार उगाच एक माऊस पुसत बसला. मला वाटलं, आता ताई कानाखाली वाजवते. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. दुकानदाराला एवढंच म्हणाली, "तेज वाला दे दो."

घरी येताना ती स्कूटी नेहमीपेक्षा जोरात पळवत होती. मी मागं बसून डबे छातीशी धरले होते. जिंकलो होतो, तरी चोरी करून आल्यासारखं वाटत होतं.

आता मी स्वतः कॉम्प्युटरच्या भागांचा धंदा करतो. गेम खेळणारी पोरं येतात, सगळ्यांना प्रोसेसर मोठा हवा असतो. मी सांगतो, बाबांनो, बोर्डात कंजुषी करू नका, प्रोसेसर काय, उद्याही बदलता येतो. म्हणजे ताई म्हणाली तेच सांगतो. ती शंभर टक्के बरोबर होती. पण ती दुपार पुन्हा मिळाली तर मी पुन्हा तोच तेज प्रोसेसर घेईन, आणि पुन्हा तितकाच रडेन.

कारण ते सहा महिने! तेव्हा भारनियमन जोरात होतं. संध्याकाळी सातला लाइन आली की गल्लीभर आरडाओरडा व्हायचा, आणि ताई हातातलं काम टाकून धावत यायची. नव्या मशीनवर गाडी कुठंही अडकत नव्हती, रस्ता लोण्यासारखा पळायचा. अर्धा तास आम्ही एकमेकांना शिव्या देत, कोपरं मारत खेळायचो. लग्नाचं सामान घरात वाढत गेलं, पितळेची भांडी थेट टेबलाखाली आली, मग पाय दुमडून बसायला लागलो पण खेळ बंद केला नाही. मेंदी लागली त्या संध्याकाळी तिला बटणं दाबता येईनात. दोन्ही हात हवेत धरून शेजारी बसली आणि म्हणाली, "माही गाडी तूच चालव." मी दोन्ही हातांनी दोन गाड्या चालवल्या आणि तिची जिंकवली. "लबाड," ती म्हणाली. आई रागावून आपल्या पोवारी बोलीत काहीतरी बोलत आली, तिला उठवून घेऊन गेली.

लग्न झालं. ताई देवरीला गेली. पहिल्या रविवारी तिचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाली, "माह्या जागी कोण बसते रे आता?"

मला कशाचा एवढा राग आला होता, देव जाणे. सगळ्यांच्याच बहिणी सासरी जातात. पण तिचा आवाज आनंदी होता आणि तो मला सहन झाला नाही.

"एक दोस्त येते," मी म्हणालो. "रोज. तुह्यापेक्षा भारी चालवते."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली.

मग दर रविवारी विचारायची, काल कोण जिंकलं. मी ठोकून द्यायचो, कधी तो, कधी मी. कसला दोस्त आणि कसलं काय! तो गेम मी उघडलासुद्धा नव्हता. एकट्यानं खेळायचे दुसरे गेम खेळायचो, आणि तिच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला असायचा.

होळीच्या आधी बोर्ड गेला. हलका बोर्ड, त्यावर एवढी वीज ओढणारा प्रोसेसर, आमच्याकडची वरखाली होणारी लाइन, किती दिवस दम धरणार? त्यावरचे कपॅसिटर, ती छोटी उभी नळकांडी, फुगून वर आले होते. मी लगेच देवरीला फोन लावला.

"ताई, बोर्ड गेला."

मला वाटलं आता म्हणेल, मी म्हटलं होतं ना.

"बरं झालं," ती म्हणाली.

"काय?"

"बरं झालं म्हटलं. रोज सात वाजले का भाजी चिरता चिरता मले दिसे, माह्या जागी कोणी तरी बसून राहिला आन् तू त्याले टाळ्या देऊन राहिला. इतका जीव जळे माहा! सासूबाई विचारे, पोरी, बरं नाही काय. काय सांगू त्यायले? आता कोणीच बसणार नाही ना तिथं? मंग बरंच झालं."

तिकडं तिच्या घरामागच्या हायवेवरून ट्रक गेल्याचा आवाज आला.

"कोणीच बसत नव्हतं, ताई," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीच नाही. तू गेली तवापासून तो गेम उघडलाच नाही मी."

ती अशी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला.

"मंग तीन महिने कायले खोटं बोलला रे गधड्या? मी इथं रडून राहिली ना!"