माझ्या मांसाचा फोटो

माझ्या अंगावर मांस आहे की नाही, हे ठरवायला आमच्या आबांनी एकदा कुंडलहून थेट सांगली गाठली होती.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आटपाडीची मुलगी मला मनापासून पसंत होती. (तिला मी पसंत होतो का, हे कुणी विचारलंच नव्हतं!) घोडं अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मला खालवर न्याहाळून म्हणाले, "पोरगं लय वाळल्यालं हाय. छातीचा फोटो काढून आना. फौजेत मेडिकलबिगर घोडंबी घेत न्हाईत!"

फोटो म्हणजे एक्स-रे. सांगलीच्या डॉक्टरांनी तो काढला आणि छाती स्वच्छ असल्याचं सांगितलं. झालं की काम! पण आबांनी फिल्म उजेडाकडं धरली आणि ओरडले, "आवं डाक्टर, ह्यात मांस कुठाय?"

"एक्स-रेत मांस नाही दिसत हो. हाडं दिसतात."

"न्हाई कसं दिसत? सा म्हयनं म्हशीचं समदं दूध ह्येनं एकट्यानं प्यालंया! वर रोज पाच भाकरी! त्ये गेलं कुठं? जरा मशीन खालवर करून बघा की."

"आबा, चला की आता," मी रडकुंडीला आलो.

"गप रं! मशीनला सापडंना, तुला काय ठावं?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "खाल्लेलं कुठं जातं ते दाखवणारं यंत्र माझ्याकडं नाही! मांसच दाखवायचं तर साधा फोटो काढा!"

ते वैतागून बोलले होते. आबांनी मात्र तो औषधोपचार समजून मला तडक स्टुडिओत नेलं आणि चारचौघांत सदरा काढायला लावला. असा संताप आला म्हणता!

"छाती फुगीव की रं गड्या!"

"फुगवलीया, आबा! ही फुगल्यालीच हाय!"

आठवड्यानं आम्ही दोन्ही फोटो घेऊन आटपाडीला गेलो. सुभेदारांनी चष्मा लावला, दोन्ही फोटो दारातल्या उजेडात धरले, यातल्या-त्यातल्या बरगड्या मोजल्या आणि विचारलं, "पाव्हणं, ह्यातला दवाखान्यातला कंचा?"

आबांचं तोंड उतरलं. सोयरीक बोंबलली म्हणून मी चपला शोधायला उठलो. एवढ्यात आतून मुलीनं वडिलांना हाक दिली, "दादा, व्हय म्हना की! आत-बाह्यार एकच असनारा मानूस आनि कुठं गावंल?"

चारित्र्याचा असा दाखला मला जन्मात एकदाच मिळाला. तोही बरगड्यांच्या सहीशिक्क्यानिशी!