तिसरी हाक

रूथ, अमोल — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, आणि मला लिहायलाही. पण शाळेत आमच्याकडून इंग्रजीत इतक्या वेळा 'सॉरी' म्हणवून घेतलं, की त्या भाषेत मी कधी अडखळतच नाही. इथे अडखळायला हवं. म्हणून मराठीत. सावकाश वाचा.

आत्ताच का? रूथ, मागे तू फोनवर म्हणालीस की तूही आता सकाळी मौन प्रार्थनेला बसतेस, आणि तिथल्या तुझ्या गटाला आजीची, म्हणजे माझी, गोष्ट सांगितलीस. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मी काय म्हणाले आठवतं? "छान." आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं.

ती गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. आम्ही रोह्याला राहत होतो, आजी प्रार्थनेत इतकी बुडाली होती की आजोबा मागच्या अंगणात पडले, हाका मारत राहिले, तरी तिला ऐकूच गेलं नाही. सांगणारे बहुधा आजोबाच असायचे. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि सुरू करायचे.

मौन प्रार्थना म्हणजे काय, हे अमोलसाठी लिहिते. काही मागायचं नाही. काही म्हणायचं नाही. देवासमोर नुसतं बसायचं — एक छोटा शब्द घेऊन. मन भरकटलं की त्या शब्दावर हलकेच परत यायचं. मी 'प्रभू' हा शब्द घेतला होता. कुकरची शिट्टी झाली, धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टची बस गेली — आवाज येतो, तो येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा. त्याच्या मागे जायचं नाही. एका ध्यानसाधनेच्या शिबिरात एका कॅथलिक सिस्टरांनी मला हे शिकवलं. आपण प्रोटेस्टंट, त्यामुळे मंडळीत थोडी कुजबुज झाली. मी ती मनावर घेतली नाही.

सिस्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. घरात कुणाला खरोखर गरज लागली तर उठा, देव तिकडेही असतो. पुढे मी रोह्यातल्या बायकांना ही प्रार्थना शिकवली तेव्हा हे वाक्य तेवढं गाळलं.

तुमच्या आजोबांना माझ्या बसण्याची गंमत वाटायची. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांना वेळच वेळ होता. मी डोळे मिटले की त्यांना नेमकं काहीतरी सापडेनासं व्हायचं — चष्मा, काडेपेटी, मीठ. दाराशी येऊन म्हणायचे, "संतीणबाई, स्वर्गात चहा मिळतो का? मिळत असेल तर एक कप इकडेही पाठवा." कधी म्हणायचे, "झाली का ड्युटी? ओव्हरटाइम मिळतो का गं?" मी उठायची. चष्मा त्यांच्या खिशातच असायचा.

मला राग यायचा का? यायचा. दिवसभरात तेवढाच एक तुकडा माझा होता, आणि तोही ते खेळ म्हणून मोडायचे. मी कधी बोलले नाही. मी बोलणारी नव्हतेच. मी वस्तू जागच्या जागी ठेवणारी होते.

त्या सकाळी ते मोरीजवळच्या झाडांना पाणी घालत होते. मी आत चटईवर बसले होते, मोबाइलवर नेहमीसारखा गजर लावून. पहिली हाक आली — "अगं, जरा ये." मी ती जाऊ दिली. थोड्या वेळाने दुसरी — या वेळी नावाने. नावाने ते क्वचितच हाक मारायचे. तीही जाऊ दिली.

मग तिसरी. तो शब्द नव्हता. जीभ जड झाल्यावर निघतो तसा, अर्धा राहिलेला आवाज.

इथपर्यंत लिहून मी उठले, पाणी प्यायले, खिडकीतून इथला, पेणचा रस्ता पाहिला. पुढे टाळता येत नाही.

मला ऐकू आलं होतं. तिन्ही वेळा. आणि तिसऱ्या वेळी ही थट्टा नाही, काहीतरी झालं आहे, हे मला कळलं होतं. कळलं असेल असं नव्हे — कळलं होतं. मी उठले नाही. भांड्यावर झाकण ठेवावं तसा त्या आवाजावर 'प्रभू' हा शब्द ठेवला, आणि दाबून धरला. आज नाही, मनात म्हणाले. आज मी उठणार नाही. प्रार्थना होती ती? नव्हती. आयुष्यात मी देवापासून इतकी दूर कधी बसले नसेन.

गजर वाजला. मी डोळे उघडले. चटई गुंडाळली — कडा नीट जुळवून. कोपऱ्यात उभी केली. मग मागच्या दाराकडे निघाले.

यमुनाताई माझ्याआधी पोचली होती. शेजारची, शेतावर जाता जाता आमच्या अंगणातून वाट काढणारी. आजोबांचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं. मला बघून ओरडली, "अगो बाय, भाऊ पडलेत! किती वेळ हाका मारत असतील! तुला ऐकू नाय आलं?"

मी म्हणाले, "मी प्रार्थनेला बसले होते."

वाक्य खरंच होतं, नाही का? बाकीचं यमुनाताईनेच पुरं केलं. रिक्षा येईपर्यंत जमलेल्यांना तीच सांगत होती, "तिला काय बोलू नका. देवापाशी गेलेली ती. माणूस समाधीत असला की त्याला कुठलं ऐकू येतंय?" तिचा देव वेगळा, पण माझ्या देवाचा मान तिने राखला. मी तिच्या शेजारी उभी होते.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं लवकर आणलं असतं तर हात कदाचित वाचला असता. कदाचित. त्या शब्दाचा आधार मी पुष्कळ दिवस घेतला. आता घेत नाही.

वाचा परत आल्यावर त्यांनी खाटेवरून मला विचारलं, "तुला ऐकू आलं नव्हतं ना?" थट्टा नव्हती. उत्तर काय येईल याची भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

"नाही," मी म्हणाले.

"मग बरं," ते म्हणाले, आणि झोपले.

त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी संतीणबाई म्हटलं नाही. बरे झाल्यावर एका सकाळी खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसले. डोळे मिटले. म्हणाले, ज्यात माणूस इतका हरवतो ते काय आहे, मलाही बघू दे. शेवटपर्यंत रोज बसले. माझ्यापेक्षा चांगले बसायचे, चेहऱ्यावरून दिसायचं. माझ्या खोट्यावर त्यांचा विश्वास उभा राहिला, आणि तो खरा होता. याचं काय करायचं असतं? मला अजून समजलेलं नाही. त्यांना मनातून माहीत असेल का? असंही कधी वाटतं. पण तसं वाटलं की मला बरं वाटतं, म्हणून मी त्यावर विसंबत नाही.

त्यांच्या त्या गोष्टीमुळेच रोह्यात बायका जमायला लागल्या. ते गेल्यावर मी पेणला आले, पण दर गुरुवारी गाडीने रोह्याला त्या गटात जाते. मागच्या पावसाळ्यात एक नवी मुलगी येऊ लागली. नवरा धाटावला कामाला, बाळ अगदी लहान. ती त्याला आतल्या खोलीत निजवून बसते. पहिल्याच गुरुवारी बाळ रडलं. ती अर्धवट उठली. तेव्हा आमच्यातल्या मार्थाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "खाली बस गो. नवरा पडला तरी आमच्या बाई उठल्या नाहीत, आणि तुला पोराचं रडणं सोसवत नाय?"

बायका हळूच हसल्या. मुलगीही ओशाळून हसली आणि बसली. बाळ रडत राहिलं. मी डोळे मिटूनच होते. 'ऊठ' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. बाळ रडून रडून आपणच थांबलं. त्याला काही झालं नाही. नंतर ती माझ्या पाया पडायला आली, तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तो गट अजून बसतो. बाळ अजून मधूनच रडतं. ती आता उठत नाही.