त्या दिवशी मी बाहेरची नव्हते

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकींजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. हाही भेकडपणाच, मला कळतं.

चौक गावाच्या आसपास मला सगळे गाडी हाकणारी बाई म्हणून ओळखायचे. गवताने भरलेली बैलगाडी मी एकटी कर्जतच्या स्टेशनापर्यंत न्यायची. गवताच्या वखारीतले पुरुष म्हणायचे, हिला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही. ऐकलं की मी मान खाली घालून बैल जुंपायला लागायची. का, ते सांगते —

लहानपणी बापाच्या गाडीवर कासरा धरून बसले होते. गाडी भरलेली. उतार लागला की ओझं मागून रेटतं, जू बैलांच्या मानेवर पुढे सरकतं आणि बैल पळतात. तसे पळाले. थोडेच. कुणाला खरचटलंही नाही. मी परकरात मुतले, इतकंच. बापाने ते घरी येऊन हसत हसत सगळ्यांना सांगितलं. एवढ्यावर माणूस वर्षानुवर्षं भितं का? मी भ्याले. पुन्हा कासरा हातात धरला नाही.

आणि सासरी आल्यावर काय सांगितलं? सासूने विचारलं, माहेरी काय काय करायचीस? मी म्हटलं, गाडीसुद्धा हाकायची. कुणी विचारलं होतं गाडीचं? मीच म्हटलं.

मग तो दिवस आला. पहिली जर्मन लढाई संपून काही वर्षं झाली होती. नवरा हिवतापाने कुडकुडत पडलेला. गवत गाडीवर भरून तयार, आणि आभाळ अवेळी काळं झालेलं. गवत भिजलं असतं तर कुजलं असतं, वखारवाल्याने हात लावला नसता. वर्षाचं तेल-मीठ त्यावरच होतं. सासू म्हणाली, "तू हाकतेस ना गं? मग जुंप बैल."

हंगामातली ती पहिली गाडी. सासू चाकावर नारळ फोडायची, बैलांना कुंकू लावायची. विटाळशी बाईची सावलीसुद्धा त्या गाडीवर चालायची नाही. हे मला आठवलं — नेमकं तेव्हाच आठवलं. मी मागच्या पडवीत जाऊन बसले आणि तिथूनच सांगितलं, "मला शिवू नका. मी बाहेरची हाय."

मी बाहेरची नव्हते. पण ते कोण बघायला येणार होतं?

माझी नणंद येसू तिथेच होती. लग्नाची मुलगी, सोयरीक ठरलेली. ती म्हणाली, "आये, मी जाते. रिकामी नेतेच की शेतावर." जाताना पडवीत डोकावून मला म्हणाली, "वैनी, तुझा कावळा बी येळ बघून शिवतो गं." आणि हसली. तिच्या मनात काही नव्हतं.

आता नीट ऐका. खोटं बोलले, ते एक. पण भरलेली गाडी उताराला रिकाम्या गाडीसारखी वागत नाही, हे त्या घरात बायकांमध्ये मला एकटीला माहीत होतं. मी त्यालाच तर भीत होते. एवढं तिला सांगायला काय लागत होतं? सांगितलं असतं तर सासूने विचारलं असतं, मग भीत होतीस का गं? म्हणून गप्प बसले.

ओढ्याच्या उताराला गाडी उलटली. येसूचा पाय चाकाखाली गेला.

तिला घरी आणलं. ठाकरवाडीतला हाडं बसवणारा म्हातारा आला, बांबूच्या कांबी बांधायला लागला. ती ओरडत होती. आणि मी? मी पडवीत. बाहेरची होते ना, आत कशी जाणार? सासू वरून भाकरी टाकायची आणि मी ती खायची. भूक लागायची मला, हे सांगतानाही स्वतःची किळस येते. पुढे थोड्याच दिवसांत खरीच बाहेरची झाले तेव्हा ते लपवलं, चूल केली, देवाजवळ दिवा लावला. देवाचं मला काही वाटलं नाही. देवाचा पाय मोडला नव्हता.

येसूचा पाय आखूड राहिला. सोयरीक मोडली. लोक म्हणाले, पोरीला हौस फार. विहिरीवर मीही म्हणायची. आधी कुणी म्हटलं होतं? बहुतेक मीच.

नवऱ्याचा ताप दर वर्षी यायला लागला, तेव्हा गाडी हाकणं माझ्यावर आलं. आता कावळा किती वेळा शिवणार? येसूला एकटीला म्हटलं, मला उतार जमत नाही. ती हसली नाही. पाय लांब करून गाडीत मागे बसली आणि उताराच्या तोंडाशी म्हणाली, "खाली उतर. वर बसून कासरा ओढू नको. मी ओढला, म्हणून बैल फिरले. त्यांच्या तोंडाशी ऱ्हा, बोलत बोलत चाल."

मी उतरले. बैलांचा श्वास हाताला लागत होता. गाडी सावकाश खाली आली. मला बैलांची भीती नव्हतीच, उंचावर बसून थांबवता न येणारी गोष्ट धरून ठेवण्याची होती. पाय जमिनीला लागले आणि ती गेली. एवढंसंच होतं ते. एवढ्याशासाठी मी दुसरीचा पाय दिला.

खाली आल्यावर येसू म्हणाली, "तवा तू बाहेरची व्हतीस ते बरंच झालं बघ, वैनी. नायतर तूच गेली असतीस चाकाखाली."

मी म्हटलं, "हो गं."

त्यानंतर ती माझ्याच घरात म्हातारी झाली. एका चुलीवर जेवलो, एका अंगणात भात पाखडलं. मला बोलायला वेळ नव्हता असं नाही. तिने हाकलून दिलं असतं असंही नाही — ती बहुधा हसली असती. तेच मला नको होतं. ती गेली. मी बोलले नाही.