जागा वाचते म्हणे!

आमचं घर एका खोलीचं आणि खोलीत बाक एकच. वडील सुतार. त्याच बाकावर ते रंधा मारायचे, त्याच बाकावर मी अभ्यास करायचे. काम आलं की म्हणायचे, "ऊठ गं जरा." मी वह्या उचलून उंबऱ्यावर जाऊन बसायचे. तशीच शिकले, आणि घरातली पहिली बी.कॉम. झाले.

परवा वडिलांच्या आणि भावाच्या नव्या वर्कशॉपसाठी भाऊ आणि मी राऊटरचं, म्हणजे लाकडाच्या कडा गोल करणाऱ्या यंत्राचं, टेबल बघायला गेलो. दुकानदार करवतीच्या मशीनला जोडलेल्या फळीवरून हात फिरवत म्हणाला, "मॅडम, वेगळं टेबल कशाला? राऊटर यातच बसतो. जागा वाचते." मांजराला कुरवाळावं तसा तो त्या फळीला कुरवाळत होता. विकणाऱ्याचा हात एवढा मऊ झाला की मला शंका येते.

"करवत चालू असताना राऊटर चालवता येईल?" मी विचारलं.

"एकाने थोडं थांबायचं. घरचीच तर माणसं!"

भाऊ हसला. "ताई, तू आता मशीनवरही संशय घ्यायला लागलीस."

मशीनवर नाही रे, त्या 'जागा वाचते'वर. जागा वाचते तिथे कुणाला तरी बाजूला व्हावं लागतं, आणि ते बहुधा घरचंच माणूस असतं. परक्याला 'थांब' म्हणायला आपली जीभ अडखळते.

आम्ही वेगळं टेबल घेतलं. वर्कशॉपात चालायची वाट अरुंद झाली. पण भाऊ करवतीवर फळ्या कापतो, त्याच वेळी वडील राऊटरवर कडा गोल करतात.