मॅगझीन पडलं तर पडू द्या

कारंज्याच्या त्या सत्काराचं नाव निघालं तरी अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शाल, श्रीफळ, फेटा, मागे भलामोठा फ्लेक्स आणि त्यावर माझ्या मैत्रिणीचा वर्दीतला फोटो. फोटोत तिचे दोन्ही हात धड होते. स्टेजवर मात्र तिचा उजवा हात कोपरातून वाकत नव्हता. तो तिनं मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळायला दिल्यासारखा.

आम्ही दोघी एकाच जिल्ह्याच्या. मी आंजी मोठीची, ती कारंजा घाडग्याची. माझ्या घरी शेती, तिच्या बाबांचं हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान. फौजेत भरती झालो तेव्हाच ओळख झाली आणि नशीब असं की ट्रेनिंगपासून पहिल्या पोस्टिंगपर्यंत दोघी एकत्र. फौजेत जोडीदाराला बडी म्हणतात. ती माझी बडी. माझी पाठ तिनं राखायची, तिची मी.

आमच्या हाती पिस्तूल आलं तेव्हा शिकवणं जुन्या पद्धतीचं होतं. अंग तिरपं करून उभं राहायचं, एक हात लांब करायचा, दुसरा पाठीशी, श्वास रोखायचा आणि समोरच्या कागदावर निवांत एकेक गोळी मारायची. कागद काही उलटून गोळी मारत नाही. मग एक तरुण साहेब नवा कोर्स घेऊन आला. दोन्ही हातांनी पकड, चालता चालता नेम, आडोशामागून गोळीबार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळ्या संपल्या की काय करायचं ते. पिस्तुलाच्या मुठीत गोळ्यांची लोखंडी डबी असते, ते मॅगझीन. खटका दाबायचा, रिकामं मॅगझीन खाली पडू द्यायचं, त्याच क्षणी दुसऱ्या हातानं भरलेलं वर सरकवायचं आणि नजर समोर. खाली बघायचंसुद्धा नाही. साहेबानं स्वतः करून दाखवलं. आम्ही बघतच राहिलो. बाप्पा, इतकं सोपं होतं तर आजवर कायले शिकवलं नाही?

साहेबाची बदली झाली. कोर्स राहिला कागदावर आणि आम्ही राहिलो उस्तादाच्या हाताखाली. शिकवणाऱ्याला आमच्याकडे उस्ताद म्हणतात. हा उस्ताद वीस वर्षं जुनंच शिकवत आलेला. नव्या कोर्सचा बोर्ड त्यानं चांदमारीच्या मैदानावर रंगवून लावला, आणि शिकवायला लागला ते स्वतःचंच. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा! त्याच्या मैदानावर मॅगझीन जमिनीला लागता कामा नये. ठोकर बसली तर मॅगझीनच्या तोंडाशी गोळी धरून ठेवणारे पत्र्याचे ओठ वाकडे होतात, मग गोळी अडकते, मग स्टोअरवाला उस्तादाला जाब विचारतो. म्हणून रिकामं मॅगझीन डाव्या हातानं ओढून काढायचं, कमरेच्या पाऊचमध्ये घालायचं, पाऊचचं बटण लावायचं आणि मगच दुसरं काढायचं.

"उस्ताद, खाली पोतं अंथरलं तर?" मी एकदा विचारलं. आमच्या आंजीत कापसाची पोती घरोघरी पडलेली असतात, मला त्यात काही मोठी अक्कल लावली असं वाटलं नव्हतं.

"घर का आँगन समझ रखा है?" तो म्हणाला आणि सगळ्यांना हसवलं.

ज्या पोरीचं मॅगझीन पडेल तिनं ते उचलायचं, कपाळाला लावायचं, माफी मागायची, आणि मग दातात धरून बेडूकउड्या मारत मैदानाला चक्कर. "हथियार की इज्जत करना सीखो." यात आम्हाला काही गैर वाटलं नाही, हे जास्त वाईट. आमच्या घरी पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार, पोळीचा तुकडा पडला तर उचलून बाजूला, दसऱ्याला विळा-कोयत्यालासुद्धा हळद-कुंकू. पडलेलं उचलायचं, हे आईच्या दुधातूनच आलेलं. उस्तादानं नेमकी तीच खोड पकडली आणि आमच्या हाडात ठोकून बसवली. माझ्या बडीचे हात लहान, पिस्तुलाची मूठ जाड, त्यामुळे तिचंच मॅगझीन जास्त वेळा निसटायचं. बेडूकउड्याही तिच्याच जास्त. तिच्या ओठांच्या आतल्या बाजूला फोड आला होता आणि ती म्हणायची, "मी सुधरून राह्यली ना, आता कमी पडते."

सुधारली ती. फार सुधारली.

पोस्टिंगच्या नाक्यावर एका सकाळी गाडी थांबवली आणि गाडीतून गोळ्या आल्या. मी रस्त्याच्या या बाजूला रेतीच्या पोत्यांमागे, ती त्या बाजूला डांबराच्या पिंपामागे. तिच्या गोळ्या संपल्या. तिनं मॅगझीन ओढून काढलं, ते हातातून निसटलं आणि पिंपाच्या बाहेर पडलं. मी ओरडले, "राहू दे!" ती वाकली. पिंपाच्या आडोशातून अर्धी बाहेर आली. मॅगझीन उचललं. कपाळाला लावलं. माझ्या डोळ्यांदेखत लावलं हो! मग पाऊचमध्ये घातलं, बटण लावलं. तोवर गोळी आली आणि तिच्या उजव्या कोपराचा चुरा करून गेली. गोळीबार थांबल्यावर मी पोचले तेव्हा तिचं पिस्तूल रिकामंच पडलं होतं, आणि पाऊचचं बटण पक्कं लागलेलं होतं. मी वाचले त्यात माझं शहाणपण काही नाही. माझं पिस्तूल रिकामं झालं नव्हतं, इतकंच.

दवाखान्यात उस्ताद तिला भेटायला आला. तिचे आईबाबा कारंज्याहून आले होते, बिचारे बाकावर बसलेले. त्यांना तो काय म्हणाला असेल? "लड़की ने मैगज़ीन ज़मीन पर नहीं छोड़ी. ऐसी ट्रेनिंग दी थी हमने." बाबांनी हात जोडले त्याला. मी दाराशी उभी होते. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण वर्दी अंगावर होती आणि तो वरच्या हुद्द्याचा. दात-ओठ खात गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग वेगळाच असतो, तो आतल्या आत उकळत राहतो.

मग मला सुट्टी मिळाली आणि मी आंजीला आले. सुतारकाकांकडून मॅगझीनएवढे लाकडी ठोकळे करून घेतले, अंगणात पोतं अंथरलं आणि रोज सकाळी ठोकळा खाली सोडायचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी मी स्वतःच वाकले. पुन्हा वाकले. स्वतःला शिव्या दिल्या. आई तर पोळ्या सोडून यायची, ठोकळा उचलायची, पदरानं पुसायची आणि ओट्यावर ठेवायची.

"आई, राहू दे ना खाली!"

"पायात येईन ना वं," ती म्हणायची आणि पुढचा उचलायची.

तिच्यावर काय रागावणार? सुट्टी संपल्यावर मला त्याच नाक्यावर परत जायचं होतं आणि माझी कंबर अजून आईचंच ऐकत होती.

अशात सत्काराचं बोलावणं आलं. कारंज्यात एक भरती अकॅडमी आहे, पोरींना पहाटे पळवते, गोळाफेक शिकवते, फौजेच्या परीक्षेची तयारी करून घेते. तिच्या संचालकांनी कार्यक्रम ठेवला होता. समोर ट्रॅकसूटमधल्या पोरींच्या रांगा. आंजीतल्या माझ्या शेजारच्या पोरीसारख्याच, वेण्या घट्ट बांधलेल्या, पायात स्वस्तातले बूट. या पोरी वर्षा-दोन वर्षांत त्याच मैदानावर उभ्या राहणार, हे मला दिसत होतं.

संचालक बोलायला उठले. माणूस वाईट नाही, पण माईक हातात आला की आवाज चढतो. "गोळ्यांचा पाऊस पडत होता! हाताच्या चिंधड्या होऊन राह्यल्या होत्या! पण आपल्या या वाघिणीनं काय केलं? सरकारी मॅगझीन जमिनीवर राहू दिलं नाही! उचललं, कपाळाला लावलं! पोरींनो, याले म्हणते शिस्त! हे शिका!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. जीव तोडून वाजवल्या. उभ्या राहून वाजवल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खुर्ची मागे पडली असावी, मला आठवत नाही. मी स्टेजवर गेले आणि संचालकांच्या हातातून माईक घेतला. मागितला नाही, घेतला.

"चुलीत गेली ही शिस्त!" मी म्हणाले. "ऐका. तुमच्या सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या आहेत ना? समोर माझ्याकडे बघा. माझ्या डोळ्यांत. आता बाटली सोडा. खाली पडू द्या. आणि कोणी उचलायची नाही."

बाटल्या पडल्या. आणि अर्ध्या पोरी वाकल्या. मी सांगितलेलं ऐकूनही वाकल्या. पहिल्या रांगेतल्या एकीनं तर बाटली कपाळालाही लावली, नुकतंच शिकवलं होतं ना!

"मेलीस," मी तिला म्हणाले. "तू मेलीस. तुझ्या शेजारची पण. ती तिकडची पण. हे शिकवलं तुम्हाला आत्ता, टाळ्या वाजवून."

ती पोरगी रडकुंडीला आली. मला वाईट वाटलं, पण मी थांबले नाही. संचालक म्हणाले, "मॅडम, प्रसंग काय अन् तुम्ही बोलून काय राह्यल्या!" बडीची आई खालून उठून आली आणि माझा हात धरला. "बाई, आज कायले भांडून राह्यली तू? लोकं चांगलं बोलून राह्यले ना माह्या पोरीचं. एवढंच तं उरलं तिले."

तिच्या पोरीचा हात गेला होता आणि त्या बदल्यात चार शब्द मिळत होते, तेही मी हिसकावून घेत होते. माईक हातात तसाच राहिला.

तेव्हा बडी उठली. तिनं डाव्या हातानं माझ्याकडून माईक घेतला. दवाखान्यापासून ती त्या सकाळबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मला वाटलं, आता ही मलाच झापणार.

"आई, तू बस," ती म्हणाली. मग पोरींकडे वळली. "ताई खरं सांगून राह्यली. मी शूर नव्हती त्या वेळी. मले शिक्षेची भीती होती. गोळीची नाई, उस्तादाची. म्हणून वाकली. मले टाळ्या नोको, मले हात पाह्यजे होता."

तिचे बाबा मान खाली घालून बसले होते. संचालकांनी फेटा सारखा केला, दुसरं काही करायला नव्हतं त्यांना. ज्या पोरीला मी मेलीस म्हणाले होते, तिनं नाक पुसत हात वर केला.

"पण ताई," ती म्हणाली, "नाई उचललं तं उस्ताद शिक्षा देतीन ना?"

देणारच होता तो. नव्या कोर्सचा बोर्ड तिथंच होता आणि उस्तादही तिथंच होता.

"देतीन," बडी म्हणाली. "घेजो. दोन्ही हातानं कान धरून उठाबशा काढजो, हसत काढजो. माहा आता एकच हात कानापर्यंत जाते."