अकरा महिने उभी राहिलेली गाडी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाशी मी जन्मभर हुज्जत घातली आहे. या सदरातले अनुभवही मी वाचतो ते बहुतेक वेळा चुका काढायलाच... अमावास्येला चांदणं कसं पडलं, असं समासात लिहून ठेवतो. घरचे हसतात. धंद्यानं मी मोटार मेकॅनिक. पेट्रोल, हवा आणि ठिणगी, तिन्ही असतील तर इंजिन चालतं. एक नसेल तर ब्रह्मदेवाचा बाप आला तरी चालत नाही. हाताखालच्या प्रत्येक माणसाला मी हेच पहिल्या दिवशी शिकवलं. आणि तरी आज हे लिहायला बसलोय. दोनदा लिहून फाडलं, हे तिसऱ्यांदा.

छत्तीस-सदतीस सालचा हिवाळा. जागा इंदापूर तालुक्यातली, सणसरच्या अलीकडे, नीरा डाव्या कालव्याखालचा एक बागायती मळा. आता त्या बाजूला भवानीनगरचा कारखाना आहे, तेव्हा नव्हता. जो तो आपापलं गुऱ्हाळ लावायचा. तिथून बारामती नऊ-दहा मैल. मी बारामतीत मोटार दुरुस्तीच्या एका शेडमध्ये कामाला होतो. वय तेवीस, आणि अक्कल सगळ्यांपेक्षा जास्त — असं तेव्हा वाटायचं.

मळ्याचे मालक आबा. त्यांची कापडी टपाची, चार सिलिंडरची उघडी गाडी होती आणि तिच्या देखभालीला महिन्यातून दोनदा मला बोलावणं असायचं. आबांचा पोटच्या पोरापेक्षा गाडीवर जीव जास्त, असं लोक गमतीनं म्हणत. पोराला मात्र त्यात गंमत वाटत नसे. बापू पंचविशीचा झाला, लग्न झालं, तरी त्यानं स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. दोघांचं बोलणं म्हणजे आबांनी ओरडायचं आणि बापूनं खाली बघायचं.

माघात आबा चार दिवसांच्या तापात गेले. दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. बाभळीवर पाच-सहा बसलेले, पण ढिम्म. तासभर झाला. लोक एकेक करून पुढं यायला लागले, हात जोडून कबूल करायला लागले — मळा नीट सांभाळू, काकींना अंतर देणार नाही, बांधाचं भांडण मिटवू. काकी म्हणजे आबांची बायको. मी मागं उभा राहून शेजारच्याला म्हणालो, अहो, तुम्ही सगळे पिंडाला खेटून उभे, कावळा येणार कसा? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो.

शेवटी बापू पुढं झाला. "आबा, तुमच्या माघारी तुमची गाडी कुनी चालू करनार न्हाय. माझा शब्द हाय," एवढं म्हणाला आणि मागं सरला. सगळेच मागं सरले. कावळा खाली उतरला.

मला विचाराल तर माणसं मागं सरली म्हणून उतरला. पण मला कोण विचारतंय...

दुसऱ्या दिवशी काकींनी मला बोलावून घेतलं. पोरानं शब्द दिलाय, उद्या कुणाला मोह होईल, तेव्हा गाडी अशी करून ठेव की ती चालूच होऊ नये, म्हणाल्या. मी गाडी विटांवर चढवली, पेट्रोल आणि रेडिएटरचं पाणी काढून टाकलं, आणि मॅग्नेटोचं झाकण उघडून आतला रोटर काढला. बोटाएवढा तुकडा असतो, झाकणाखाली फिरत असतो. मॅग्नेटोत तयार झालेली ठिणगी तो चारही प्लगांना पोचवतो. पंगतीत वाढपीच नसला तर चुलीवर स्वयंपाक तयार असून काय उपयोग? तसंच ते. तो तुकडा मी काकींच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, आता ही गाडी म्हणजे नुसतं लोखंड. काकींनी तो पदराच्या गाठीला बांधला. देवघरात ठेवतील, असं मला वाटलं.

पुढचा पौष आला. बापूनं त्या वर्षी ऊस पिळायचा बैलांचा चरक मोडीत काढून तेलाच्या इंजिनावर चालणारा घेतला होता. बसवून दिला मीच. पट्टा घसरतोय असा निरोप आला म्हणून त्या सकाळी मी मळ्यात होतो. पट्टा ठीक केला, इंजिन चालू करून दिलं, आणि हात धुवायला पाण्याच्या पाटावर गेलो. बापू चरकात ऊस सारत होता. बोटं अडकली.

आता हे नीट समजून घ्या. त्या माणसांची हयात बैलांच्या चरकावर गेलेली. बैलाला "हो" म्हटलं की तो जागेवर थांबतो, म्हणजे बोटाच्या एक-दोन पेरांवर निभावतं. बापूनं तेच केलं. जोर लावून हात ओढायचा सोडून त्यानं इंजिनाकडं तोंड केलं आणि ओरडला — हो... हो... हो रं... इंजिनाला काय कळतंय! मी धावत येऊन पट्टा चाकावरून पाडेपर्यंत मनगट आत गेलं होतं. मला त्या इंजिनाची शिसारी आली. माझीही आली.

गूळ करणारा गुळव्या दादू काहिलीजवळ, म्हणजे रसाच्या कढईजवळ, होता. त्यानं चरक उलटा फिरवून हात सोडवला, स्वतःचं धोतर फाडून दंडाला आवळून बांधलं, त्यात काठी घालून पिळा दिला. तरी रक्त गळतच होतं. इंदापूरहून बारामतीला जाणारी सर्व्हिस मोटार सकाळीच गेलेली. बैलगाडीनं चार तास. दादू मला बाजूला घेऊन म्हणाला की चार तास हा माणूस टिकायचा नाही.

मी वळून गाडी उभी होती त्या छपराकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. बोलला तो बापूच. ओठ पांढरे पडले होते. गाडी नको, बैल जुंपा, आबांना शब्द दिलाय, असं पुटपुटत राहिला. बायको त्याची माहेरी होती, बाळंतपणाला. तिचं नाव घ्यायचा आणि परत तेच, गाडी नको.

काकी त्याच्याजवळ बसल्या होत्या. उठल्या आणि म्हणाल्या, "शब्द तू दिलायस. म्या न्हाय दिला." मग माझ्याकडं वळून, "इष्णू, काढ गाडी."

मी सुटलोच. गाडीवर झाकलेलं उसाचं पाचट ओढून काढलं. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती अंगावर आली. चाकांत हवा नाही. दोन गडी पंपावर लावले, मी विटा काढल्या. आबांनी कोठीत जपून ठेवलेला पेट्रोलचा सीलबंद डबा आणवला, फडक्यातून गाळून टाकीत ओतला. रेडिएटरमध्ये पाणी. प्रत्येक गोष्टीला वेळ लागत होता आणि दर थोड्या वेळानं मी बापूकडं बघत होतो, अजून बोलतोय का ते. बोलत असला की बरं वाटायचं, थांबला की मी त्याला हाक मारायचो.

मग आठवलं. काकी तोवर मागच्या सीटवर बापूचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "काकी, तो तुकडा कुठाय?"

"बसवलाय," काकी म्हणाल्या.

मी म्हटलं, कुणी बसवला?

"बसवलाय म्हन्ते न्हवं. तू हँडल मार."

झाकणाला दोन स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं नसतं. पण काकींच्या तोंडून कधी खोटं ऐकलेला माणूस त्या पंचक्रोशीत नव्हता. माझ्या मनात आलं, बापूनंच कुणाकडून तरी गुपचूप बसवून घेतला असेल, एकदा गाडी फिरवून बघितली असेल. मला तेव्हा त्यात पडायचं नव्हतं. मी पुढं गेलो, अंगठा मुठीबाहेर ठेवून हँडल धरलं आणि मारलं.

काही नाही. दहा-बारा वेळा मारलं. साधी खोकलीसुद्धा नाही. प्लग ओले असतील म्हणून चारही काढले, गुऱ्हाळाच्या चुलवणात विस्तवाशी धरून तापवले, फडक्यात घेऊन पळत आलो, बसवले. दादूनं काहिलीशेजारचं उकळतं पाणी आणून रेडिएटरमध्ये भरलं. परत हँडल. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा मी मारायच्या आधी सहज मागं बघितलं. काकी माझ्याकडं बघत नव्हत्या. पुढच्या रिकाम्या सीटकडं बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

मारलं, आणि इंजिन धरलं.

असं चालत होतं की मी सांगू शकत नाही. आबा असताना, मी स्वतः ट्यूनिंग केल्यावरसुद्धा, ते इंजिन इतकं गोड कधी चाललं नव्हतं. मी उडी मारून बसलो, दादू पायरीवर उभा राहून पिळ्याची काठी धरून होता. कालव्याच्या बाजूची खड्ड्यांची वाट, मग सडक. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला, थांबावं लागलं, तरी बंद पडली नाही. माझ्या मनात मात्र सारखं चाललेलं — आता बंद पडेल, आता पडेल. बारामतीच्या दवाखान्याच्या आवारात पोचून मीच स्विच बंद केला.

डॉक्टरांनी बापूला लगेच आत घेतलं. दुपार कलली तेव्हा बाहेर येऊन सांगितलं की पंजा गेला, पण जीव वाचला. आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं. दादू भिंतीला टेकून रडला. काकी रडल्या नाहीत. व्हरांड्यात मला जवळ बसवून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "इष्णू, त्या तुकड्याबिगर गाडी चालती का रं कधी?"

मी हसलो. इतक्या वेळानं पहिल्यांदाच. म्हटलं, "न्हाय काकी. काय केल्या न्हाय."

"मग जा, बघून ये."

मी गेलो. बॉनेट उचललं, पट्ट्या सोडल्या, झाकण काढलं. झाकण अजून कोमट होतं. आत रोटर नव्हता. मी बोट घालून चाचपलं... खुळ्यासारखं, डोळ्यांना दिसत असताना. नव्हताच.

परत आलो तर काकींनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. म्हणाल्या, त्यो म्या अस्थींबरोबर नरसिंहपूरच्या संगमावर सोडला. त्यांची वस्तू त्यांच्याबरोबर जाऊ द्यावी म्हटलं. मी म्हटलं, मग बसवलाय असं का म्हणालात?

"न्हाय म्हनले असते, तर तू हात खाली टाकले असतेस. माझ्याजवळ दुसरं काय व्हतं तवा?"

आणि मग, हे बापूला सांगू नको म्हणाल्या. त्याला आधीच शब्द मोडल्याचं लागलंय, त्यात हे नको. मी आजवर सांगितलं नाही. काकी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बापू गेल्या वर्षी गेला, नातवंडं-पतवंडं बघून. म्हणून आता लिहितोय.

दुसऱ्या दिवशी मी आणि शेडमधल्या तिघांनी मिळून, रोटरशिवाय तशीच, शंभर तरी हँडलं मारली. गाडीनं हूं केलं नाही. पुण्याहून नवा रोटर मागवला, चार दिवसांनी आला, बसवला, दुसऱ्या हँडलला चालू झाली. कुणाला वाटेल मधेच कुणी रोटर बसवला आणि काढला. कुणी? दवाखान्याच्या आवारात गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, आणि तसा तुकडा बारामतीत कुणाकडं नव्हता, हे मीच शोधून दमलो. पुढं कितीतरी वर्षं, हाताखाली तशी गाडी आली की मी दार लावून रोटर काढायचो आणि हँडल मारत बसायचो. मालक म्हणायचे, मिस्त्रीला लागिर झालंय. एकदाही प्लगला ठिणगी पोचली नाही. पुण्याच्या एका इंजिनिअरला विचारलं, त्यानं मला चहा पाजला आणि विषय बदलला.

आबा आले होते असं मी म्हणणार नाही. मी ते पाहिलं नाही. झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. त्या सकाळी काकी खरं बोलल्या असत्या, तर मी हँडलला हातसुद्धा लावला नसता. माझं सगळं ज्ञान बरोबर ठरलं असतं, आणि बापू तिथंच, चरकाशेजारी गेला असता.